जुनी मर्सिडीज, घरचे शेड

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ज्या मिस्त्रींनी आयुष्यभर ट्रॅक्स गाड्यांची कामे केली, त्यांनी मर्सिडीजचे इंजिन कैक वेळा खोलून पुन्हा बसवले आहे. ओतूरहून जुन्नरला, घोडेगावहून मंचरला माणसे, दुधाचे कॅन आणि बाजाराच्या पिशव्या भरून धावणाऱ्या त्या गाड्यांच्या बॉनेटखाली ओएम ६१६ हे डिझेल इंजिन होते. रचना डाइमलर-बेंझची, घडण आकुर्डीच्या बजाज टेम्पोची, तीही रीतसर परवान्याने. हेच इंजिन मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत होते आणि त्या मोटारी युरोपात, आफ्रिकेत टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे चालल्या. टायमिंग चेन कशी बसते, कोणता हिटर प्लग गेला हे कसे ओळखायचे, बॉशच्या पंपाला कधी हात लावायचा आणि कधी तो कॅलिब्रेशनला पाठवायचा, हे ज्ञान नारायणगाव-आळेफाट्याच्या गॅरेजांत तीस वर्षांहून अधिक काळ नांदते आहे. जर्मन गाडी म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरचे काम, अशी समजूत घेऊन जो वाचक हे पुस्तक उघडेल, त्याला पहिल्याच पानावर हे सांगायला हवे.

पुणे-नाशिक रस्त्याचा नकाशा समोर धरला की बाकीचे आपोआप उलगडते. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली आणि १९९५ पासून पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, ई-क्लास जोडली जाऊ लागली. जाणकार जिला डब्ल्यू १२४ म्हणतात तीच ही गाडी. २००९ मध्ये कंपनीचा स्वतःचा कारखाना चाकणला उभा राहिला. चाकणलाच फोर्स मोटर्स, म्हणजे पूर्वीची बजाज टेम्पो, मर्सिडीजसाठी इंजिने आणि अ‍ॅक्सल जोडून देते. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला नाशिकला मायको, म्हणजे आताची बॉश, डिझेलची नोझल बनवते. मधल्या पट्ट्यात राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा. या दोन तालुक्यांतली कितीतरी मुले भोसरी-चाकणच्या शिफ्ट करून रात्री गावी परततात. टॉर्क पाना, गेज, ड्रॉइंग हे त्यांच्या रोजच्या हातातले. घरी वडिलांनी ट्रॅक्टरचा क्लच, फवारणीचा ब्लोअर आणि विहिरीवरची मोटर आयुष्यभर स्वतःच सांभाळलेली. कारखान्याची शिस्त आणि शेतकऱ्याची चिकाटी एकाच घरात असण्याचा हा योग महाराष्ट्रात फार ठिकाणी नाही. पिंपरीत जन्मलेल्या या गाड्यांचे दुसरे आयुष्य इथेच, आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये घडू शकते, असे माझे ठाम मत आहे. हे पुस्तक त्याच भरवशावर लिहिले आहे.

आता गाडी आपल्या दारात येते कशी ते पाहू. ज्या वर्षी पीक हात देते त्या वर्षी येते. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता. सातगाव पठारावर बटाट्याचे, मंचरला कांद्याचे असेच एखादे साल येते. अशा वेळी पुण्या-मुंबईतून दहा-पंधरा वर्षे वापरलेली ई-क्लास, ऑडीची ए-६, बीएमडब्ल्यूची फाइव्ह सिरीज किंवा तेव्हाच्या औरंगाबादच्या शेंद्र्यात जोडलेली जुनी ऑक्टाव्हिया नव्या छोट्या गाडीपेक्षा कमी पैशांत मिळते. दिल्लीहूनही गाड्या येतात. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना दिल्ली परिसरात मज्जाव करणारे आदेश हरित लवादाने २०१५ मध्ये दिले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरले आणि तिथल्या चांगल्या चांगल्या गाड्या मातीमोलाने बाहेर पडू लागल्या.

घेताना कोणी सांगत नाही ती गोष्ट अशी, की गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पन्नास लाखांच्या गाडीचा हेडलाइट, गिअरबॉक्सचा संगणक, हवेच्या सस्पेन्शनचा फुगा हे सगळे पन्नास लाखांच्याच गाडीचे राहते, मग ती गाडी तुम्ही तीन लाखांना घेतलेली असो. पहिला मोठा बिघाड होतो, शोरूमचे एस्टिमेट गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जाते, मालक हबकतो. मग कोणीतरी सेन्सर काढून टाकतो, कोणीतरी लाल दिव्याची वायर कापतो, कोणीतरी थर्मोस्टॅट काढून फेकतो. सहा महिन्यांत गाडी उभी राहते ती राहतेच. चिंचेखाली, धुळीत, चारही टायर बसलेल्या अशा गाड्या आळेफाटा ते बेल्हे रस्त्याच्या कडेला कोणीही मोजाव्यात.

पण एस्टिमेटच्या त्या कागदाकडे नीट पाहिले तर त्यात दोन वेगळे खर्च असतात. एक मालाचा, दुसरा न समजल्याचा. दोष नेमका कुठे आहे हे शोधायला वेळ जातो, आणि कार्यशाळेत वेळ महाग असतो. म्हणून शोधण्याऐवजी अख्खा भागच बदलण्याचा रिवाज पडला आहे. घरी काम करणाऱ्याकडे पैसा कमी असतो, वेळ मात्र त्याचा स्वतःचा असतो. कांदा काढून बराखीत पडला, की पावसाच्या तोंडापर्यंत चार आठवडे हाताशी असतात. तो वेळ शोधण्यात घातला तर लाखाचे काम पुष्कळदा हजारांत होते. हे मी दोन उदाहरणांनी जरा विस्ताराने सांगतो, कारण सगळ्या पुस्तकाचा जीव त्यातच आहे.

पहिले उदाहरण पिंपरीत जोडलेल्या पेट्रोल ई-क्लासचे, म्हणजे ई २२० चे. डब्ल्यू १२४ ही मर्सिडीजच्या इतिहासातली अतिशय टिकाऊ गाडी. जगभरात वीस लाखांहून अधिक बनल्या. मागच्या चाकांना पाच दांड्यांचे सस्पेन्शन, टायमिंगला पट्टा नाही तर चेन, दार लागताना येणारा तो भारदस्त आवाज. पण साधारण १९९२ ते १९९५ या काळात कंपनीने इंजिनच्या वायरिंगला पर्यावरणाच्या विचाराने एक नवे आवरण वापरले. इंजिनच्या उष्णतेत ते टिकले नाही. आज या वर्षांतली गाडी घेतली, ती बंद पडत असेल, मिसिंग मारत असेल, आयडलला खालीवर होत असेल, तर प्लग-कॉइल बदलण्याआधी बॅटरीची तार काढा, इंजिनच्या मागच्या बाजूचा एक कनेक्टर सोडवा आणि वायरचा पहिला इंचभर भाग बोटांत हलकेच वाकवा. आवरण भाजलेल्या पापडासारखे तडकून बोटांत येते. आत उघडे तांबे, काळपट-हिरवे पडलेले. दोन उघड्या तारा एकमेकींना टेकल्या की इंजिनचा संगणक जळतो, आणि तो भाग खरोखर महाग आहे. पाच सिलिंडरच्या डिझेल गाडीत हा त्रास फारसा नाही, कारण तिचा बॉशचा इनलाइन पंप इतक्या तारांवर अवलंबूनच नाही.

उपाय घरी करण्याजोगा आहे. अख्खा जुडगा एकदम उपटायचा नाही. कागदावर प्रत्येक कनेक्टरचे चित्र काढायचे, प्रत्येक पिनेला आकडा द्यायचा, कोणत्या रंगाची आणि किती जाडीची तार कुठून कुठे जाते ते लिहायचे. मग जुडगा बाहेर काढून टेबलावर पसरायचा आणि एक तार काढली की तिच्या जागी तशाच जाडीची, उष्णता सोसणारी नवी तार लगेच घालायची. तोपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. टर्मिनल नीट पकडीने दाबायचे. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी इंजिनवर चालत नाही. शेवटी प्रत्येक तार मल्टिमीटरवर वाजवून पाहायची. द्राक्षाच्या मांडवाच्या तारा ओढणाऱ्या माणसाला या कामाचा कंटाळा येणार नाही. यात बुद्धीपेक्षा नोंद ठेवण्याची सवय लागते, आणि चाकणच्या कोणत्याही लाइनवर काम केलेल्या मुलाला ती सवय असते.

दुसरे उदाहरण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे. १९९६ पासून मर्सिडीजने पाच गिअरचा एक गिअरबॉक्स आणला. त्याचा क्रमांक ७२२.६, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तो कंपनीच्या बहुतेक गाड्यांत बसला. डब्ल्यू २१० ई-क्लासमध्ये, सी-क्लासमध्ये, एस-क्लासमध्येही. यंत्र म्हणून तो दणकट आहे. पण त्यातले तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही असे कंपनीने सुरुवातीला सांगितले, आणि पुढे तोच सल्ला तिला मागे घ्यावा लागला. तोवर पुष्कळ गाड्यांचे तेल काळे झाले होते. या गिअरबॉक्सच्या कडेला तेरा पिनांचा एक प्लग आहे. त्यावरच्या रबरी रिंगा कडक झाल्या की तेल पाझरू लागते. ते खाली तर टपकतेच, पण काही तेल तारेच्या आतल्या केसांतून चढत चढत वर गिअरबॉक्सच्या संगणकापर्यंत पोहोचते. मग गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, आणि मालकाला सांगितले जाते की गिअरबॉक्स गेला. खरा दोष एका छोट्या प्लगचा असतो, ज्याची किंमत एका जेवणाच्या बिलाएवढी. म्हणून आमचा नियम असा, की गिअरबॉक्सला नाव ठेवण्याआधी संगणकाचा कनेक्टर काढून त्यात बोट फिरवा. बोटाला तेल लागले तर प्लग बदला, तारा आणि कनेक्टर योग्य क्लीनरने धुवा, तेल आणि फिल्टर बदला. तेल मर्सिडीजच्या २३६.१४ या मान्यतेचेच हवे. त्याची पातळी गिअरबॉक्स ८० अंशांपर्यंत तापल्यावर मोजायची असते, आणि कंपनीने मोजपट्टी गाडीत दिलेलीच नाही. ती वेगळी घ्यावी लागते. ट्रॅक्टरचे गिअर तेल जसे डोळ्याने पाहून भरता येते तसे इथे चालत नाही.

दोन्ही उदाहरणांत महागडा भाग निर्दोष होता आणि स्वस्त भागाने त्याला बदनाम केले. जुन्या आलिशान गाड्यांत हे इतक्यांदा घडते, की मी कोणालाही आधी स्कॅनर घ्या असेच सांगतो, पाने नंतर. २००० नंतरच्या गाड्यांत ओबीडीचा सॉकेट असतो. मोबाइलला जोडणारे साधे यंत्र बरेच काही वाचून दाखवते. जुन्या मर्सिडीजमध्ये बॉनेटखाली ३८ पिनांचा गोल सॉकेट असतो, त्याला वेगळे अ‍ॅडॉप्टर लागते. मात्र स्कॅनर सांगतो ती फक्त तक्रार. कारण शोधायचे काम आपलेच.

आपल्या मातीशी आणि पाण्याशी निगडित दोन गोष्टी कोणत्याही जर्मन मॅन्युअलमध्ये नाहीत, त्या इथे सांगतो. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नका. जुन्नरच्या पूर्व भागात, बेल्हे-आणे पट्ट्यात, बोअरच्या पाण्याचे क्षार भांड्यांवर दिसतात, तेच क्षार इंजिनच्या आत बसतात. या गाड्यांचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे. क्षार त्याला खातात आणि पाण्याच्या वाटा अरुंद करतात. उन्हाळ्यात माळशेज घाट चढताना काटा लाल रेषेकडे सरकतो तो बहुतेकदा यामुळे. डिमिनरलाइज्ड पाणी आणि योग्य कूलंट निम्मे-निम्मे, एवढेच पथ्य. थर्मोस्टॅट काढून टाकणारा मिस्त्री कितीही नावाजलेला असला, तरी त्याचे त्या बाबतीत ऐकू नका. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन थंडच राहते, तेल घट्ट राहते आणि झीज वाढते.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांना ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला इथेनॉल काय ते सांगायला नको. २०२५ मध्ये देशात वीस टक्के मिश्रण गाठले गेले आणि आता पंपावर बहुतेक तेच पेट्रोल मिळते. नव्वदच्या दशकातल्या गाडीचे रबरी पाइप, सील, पंपाचे डायफ्राम यासाठी बनलेले नाहीत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, म्हणून टाकी भरून गाडी पावसाळाभर उभी ठेवली तर तळाशी पाणी साचू शकते. ते टाकीतला जुना गाळही सोडवते आणि फिल्टर तुंबतो. म्हणून पेट्रोल गाडीच्या पुनर्बांधणीत इंधनाचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणाऱ्या फ्लुओरो-रबराचे घालणे मी सुधारणा समजत नाही, गरज समजतो. पाइप फुटून गरम इंजिनवर पेट्रोल पडले तर गाडी जळते. एका लिटर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडे घटणार, तेही गृहीत धरावे.

शेडबद्दल. कांद्याच्या बराखीला किंवा धान्याच्या खोलीला लागून गाडी उभी करू नका. उंदीर येतात, आणि उंदराला वायरचे आवरण आवडते. शेतीची तीन फेज वीज दिवसातून आठ तास, तीही कधी दिवसा कधी रात्री. वेल्डिंग आणि मोठा कॉम्प्रेसर त्या वेळापत्रकात बसवावा लागतो. रात्रपाळीची वीज आली म्हणून उघड्या शेडमध्ये एकट्याने गाडीखाली झोपून काम करू नका. आपला हा भाग बिबट्यांचा आहे, माणिकडोहला त्यांचे निवारा केंद्र आहे, आणि गाडीखाली आडवा झालेला माणूस लहान दिसतो. शेडला बंद होणारे दार आणि बाहेर उजेड असल्याशिवाय रात्रीचे काम नाही. जळके ऑईल जमिनीवर ओतू नका, बांधावर शिंपडू नका. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांचे पाणी आपल्याच शेतातून पुढे जाते. ड्रममध्ये साठवा आणि अधिकृत गोळा करणाऱ्याला द्या.

आणि घोडी, म्हणजे उचललेल्या गाडीचा लोखंडी टेकू. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली हातसुद्धा घालायचा नाही. ई-क्लासचे वजन दीड टनाच्या घरात जाते. विटा, सिमेंटचे ठोकळे, ट्रॅक्टरची रिंग हे घोडीला पर्याय नाहीत. दोन चांगल्या लोखंडी घोड्या आणि चाकांना लाकडी ओंडके याशिवाय या पुस्तकातले एकही प्रकरण हाती घेऊ नका. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय हात लावू नका.

कामाचा क्रम ठरलेला आहे आणि तो बदलू नये. आधी थांबणे, मग थंड राहणे, मग वीज, मग चालणे, आणि दिसणे सगळ्यांत शेवटी. ब्रेकचे तेल ओलावा शोषते, ते जुने झाले की उतारावर पेडल मऊ पडते. माळशेजच्या उतारावर ते कळण्यापेक्षा शेडमध्ये बदललेले बरे. टायरवर चार आकड्यांची तारीख असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल दिसली तरी दहा वर्षांचा टायर महामार्गावर नेऊ नये. आपल्याकडे पुष्कळ जण रंगापासून सुरुवात करतात. गाडी चकचकीत होते, चार दिवस गावात कौतुक होते, आणि पैसे संपल्यावर ब्रेक तसेच राहतात. डेंटरने लांबी (पुट्टी) किती जाड भरली आहे हे चुंबक लावून पाहता येते. लोखंडी पत्र्याच्या भागावर जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबीच आहे. रंग, कातडे, लाकडी पट्ट्या यांवर पुढे एक छोटे प्रकरण आहे, तेवढे पुरेसे आहे.

सुधारणांबद्दल, म्हणजे गाडीत नवे काय घालावे याबद्दल, माझी मते कडक आहेत. मागचा कॅमेरा, मूळ रेडिओ तसाच ठेवून जोडलेले ब्लूटूथ, पॉलिश केलेल्या हेडलाइटच्या काचा, चांगल्या प्रतीचे ब्रेक पॅड, योग्य मापाचे नवे टायर हे जरूर करा. हॅलोजनच्या घरात झेनॉनचा बल्ब घालू नका; उजेड विखुरतो आणि समोरच्या उसाच्या ट्रॉलीवाल्याचे डोळे दिपतात. इंजिनची ताकद वाढवण्यासाठी संगणकाचे प्रोग्राम बदलू नका. वीस वर्षांच्या गिअरबॉक्सला तो भार सोसवत नाही. बाजूच्या एअरबॅग असलेल्या सीटवर घट्ट कव्हर चढवले तर एअरबॅग उघडायला जागा राहत नाही. बुलगार्डवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी आणली आहे, काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये. जानेवारी २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी आधी, पाना नंतर.

कागदपत्रांचे थोडक्यात. आपली गाडी एमएच १४ मध्ये, पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयात. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी. म्हणजे १९९५ ची ई-क्लास आजवर २०१०, २०१५, २०२० आणि २०२५ अशी चार वेळा त्या दारातून गेलेली असली पाहिजे. मधला एखादा टप्पा चुकला असेल तर घेण्याआधी शोधा. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० केले गेले. पर्यावरण कर वेगळा. परराज्यातली गाडी असेल तर ना-हरकत दाखला आणि इथला कर यांचा हिशेब सौद्याआधी करा. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद पुस्तिकेत हवी. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे, पण ती प्रदर्शनाची गाडी. रोजच्या वापरासाठी ती सवलत नाही. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक निघते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. आपल्या शेडमधल्या गाडीला मात्र मंचरच्या बाजारात आणि वऱ्हाडातही जायचे आहे, म्हणून तिचे कागद पक्के हवेत.

काही गाड्या घेऊच नयेत, हेही सांगणे भाग आहे. डब्ल्यू २१० ई-क्लासला गंज लागतो, आणि पुढच्या स्प्रिंगचा आधार जिथे जोडलेला असतो तिथेच तो पोहोचतो. तो भाग खाल्लेला दिसला तर दर कितीही खाली आला तरी परत फिरा. २००६ पूर्वीच्या डब्ल्यू २११ ई-क्लासमध्ये विजेवर चालणारी ब्रेक यंत्रणा आहे. तिचे युनिट किती वेळा ब्रेक दाबला याची मोजदाद ठेवते आणि ठराविक आकड्यानंतर बदलायला सांगते. त्या युनिटचा इतिहास लेखी मिळाला तरच विचार करा. हवेचे सस्पेन्शन असलेली एस-क्लास संध्याकाळी बंद करून सकाळी पाहा. एक कोपरा बसलेला असेल तर साबणाच्या पाण्याने गळती शोधता येते, पण फुगा फाटला असेल तर खर्च मोठा. तो काढून साध्या स्प्रिंग बसवण्याचा मोह पुष्कळांना होतो. गाडीचे सगळे संतुलन त्या यंत्रणेवर बेतलेले असते, त्यामुळे माझा त्याला विरोध आहे. पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. मळाची रेघ तिथे राहते, कारण तिथपर्यंत कोणी धूत नाही.

माल कुठे मिळेल हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मर्सिडीजच्या प्रत्येक भागाला क्रमांक असतो आणि त्यातले पहिले आकडे बहुधा गाडीचा किंवा इंजिनचा प्रकार सांगतात. नावाने मागू नका, क्रमांकाने मागा. तोच भाग बॉश, साक्स, लेमफोर्डर, मान, बेहर या मूळ पुरवठादारांच्या खोक्यात पुष्कळ कमी किमतीत येतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. बुश दाबायला, हेड फेस करायला भोसरीचे लेथवाले. जर्मनीत फेलबाखला १९९३ पासून मर्सिडीजचे स्वतःचे क्लासिक केंद्र जुन्या गाड्यांचा माल पुरवते. जे इथे कुठेच मिळत नाही ते कधी कधी तिथे मिळते. भंगारातला भाग घ्यायला हरकत नाही, पण ब्रेक, एअरबॅग आणि स्टिअरिंगचे भाग भंगारातून कधीही नाहीत.

खर्चाचा अंदाज म्हणून एवढेच सांगतो, की ज्या किमतीला गाडी घ्याल तेवढेच पैसे पहिल्या दोन वर्षांत बाजूला हवेत. ते नसतील तर यंदा गाडी घेऊ नका, पुढच्या हंगामापर्यंत थांबा.

या पुस्तकाच्या शेवटी कोऱ्या पानांची वही जोडली आहे. तारीख, किलोमीटर, काय खोलले, कोणत्या क्रमांकाचा भाग घातला, कोणता बोल्ट किती टॉर्कवर कसला, हे तिच्यात लिहा. उद्या गाडी विकाल तेव्हा घेणारा ही वहीच आधी मागेल.

शेवटी एक विनंती पिंपरी, आकुर्डी आणि चाकणच्या कारखान्यांतून निवृत्त होऊन गावी परतलेल्या फिटर, वायरमन आणि टूलरूमच्या माणसांना. राजुरीत, कळंबला, पारगावात, ओझरला तुम्ही घरोघर आहात. तुमच्या हातातले कसब या पुस्तकात शंभर टक्के उतरलेले नाही, ते उतरणारही नाही. शेजारच्या शेडमध्ये एखाद्या पोराने जुनी गाडी उभी केली असेल, तर संध्याकाळी तासभर तिकडे जा, त्याला पाना कसा धरायचा ते दाखवा आणि जे चुकीचे दिसेल ते स्पष्ट सांगा. या पुस्तकात चुकीचे काही आढळले तर तेही कळवा. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू.